मासा असलेली नंबर प्लेट: फ्लोरिडातल्या विशेष प्लेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून, आणि अधूनमधून कोकण-गोव्यातूनही, सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रकमा डॉलरमध्ये आहेत. शुल्क आणि अटी राज्याच्या कायद्यात लिहिलेल्या असतात आणि विधिमंडळ त्या बदलतं, म्हणून काउंटरवर जायच्या आदल्या दिवशी राज्याच्या वाहन खात्याच्या संकेतस्थळावरचा आकडा एकदा पाहून घ्या.

१. विशेष प्लेट म्हणजे नेमकं काय? साध्या प्लेटपेक्षा तिच्यात वेगळं काय?

कायद्याच्या दृष्टीनं ती पूर्ण वैध, सरकारनंच छापलेली नंबर प्लेट असते. फरक दोनच. तिच्यावर एखादं चित्र असतं आणि तिच्यासाठी नेहमीच्या नोंदणी शुल्काशिवाय दर वर्षी एक जादा रक्कम भरावी लागते. ही रक्कम कोणत्या संस्थेला किंवा कोणत्या निधीला द्यायची आणि कशावर खर्च करायची, हे प्रत्येक प्लेटसाठी कायद्यात वेगळं लिहिलेलं असतं. फ्लोरिडात ही पद्धत १९८७ मध्ये चॅलेंजर यानाच्या स्मरणार्थ काढलेल्या प्लेटपासून रुळली. समुद्री जीवांच्या प्लेट त्यानंतर आल्या.

२. इथले लोक ‘टॅग’ म्हणतात, कागदावर ‘प्लेट’ असतं. दोन्ही एकच का?

हो. फ्लोरिडात बोलताना नंबर प्लेटला सर्रास ‘टॅग’ म्हणतात. ती मिळते काउंटीच्या टॅक्स कलेक्टरच्या कार्यालयात. नाव ऐकून आयकराचं कार्यालय समजू नका, गाडीची नोंदणीही तिथेच होते. प्लेट फक्त मागे लावायची असते, पुढची प्लेट या राज्यात नाही. मात्र ‘टार्पन टॅग’ हा शब्द ऐकलात तर आधी प्रश्न १२ वाचा, तिथे हमखास घोळ होतो.

३. खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी कोणकोणत्या प्लेट आहेत?

‘माशांची प्लेट’ अशी एकच प्लेट नाही. ज्यांबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते त्या या:

‘इंडियन रिव्हर लगून’ प्लेटच्या मूळ डिझाइनवर उसळी मारणारा स्नूक, म्हणजे आपल्या जिताड्यासारखा मासा, आहे. लगून म्हणजे पूर्व किनाऱ्याला समांतर पसरलेली सुमारे १५६ मैलांची खाजण-खाडी. या प्लेटचा पैसा तिथल्या अधिवासाच्या दुरुस्तीला आणि पर्यावरण शिक्षणाला जातो.

‘टॅम्पा बे एस्च्युअरी’ प्लेटवर टार्पन हा मोठा मासा आहे. पैसा टॅम्पा बे एस्च्युअरी प्रोग्रॅमच्या छोट्या अनुदानांत जातो. शाळा, वस्त्यांचे गट, स्थानिक संस्था खाडीसाठी छोटी कामं काढतात, त्यांना ही अनुदानं मिळतात.

‘फिश फ्लोरिडा’वर सेलफिश आहे. तिचा भर मुलांना जबाबदारीनं गळ टाकायला शिकवण्यावर आहे. मुलांना गळाच्या काठ्या आणि रीळ देण्याचं कामही त्यातून होतं.

‘प्रोटेक्ट अवर रीफ्स’चा पैसा सारासोटाच्या मोट मरीन लॅबोरेटरीमार्फत प्रवाळांच्या संशोधनाला आणि संवर्धनाला जातो.

नीट पाहिलंत तर यातली एकही प्लेट ‘एक मासा घ्या आणि त्याला वाचवा’ अशी नाही. दोन प्लेट खाडीच्या, एक मुलांच्या शिक्षणाची, एक प्रवाळाची. आमच्या मते हे योग्यच आहे, कारण समुद्री गवत आणि खारफुटी गेली तर नुसता मासा वाचवून काही हाती लागत नाही. पण प्लेट निवडताना चित्राकडे पाहून निवडू नका. पैसा कुठे जातो ते कायद्याच्या ३२०.०८०५८ या कलमात प्लेटच्या नावानिशी लिहिलेलं आहे. दोन मिनिटांचं वाचन आहे.

४. बास मासा असलेली ‘गो फिशिंग’ प्लेट छान दिसते. ती चालेल ना?

गाडीला चालेल, समुद्राला नाही. तिच्यावरचा लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, तळ्या-नद्यांतला मासा आहे. तिचा पैसा राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या एका सामाईक निधीत जातो आणि त्यातून एकूणच मासे, शिकार आणि वन्यजीव व्यवस्थापन चालतं. काम वाईट नाही, पण तुमचा हेतू खारं पाणी असेल तर प्रश्न ३ मधली प्लेट घ्या.

उलट बाजूनंही फसगत होते. ‘स्पॉटेड सीट्राउट’मधल्या ‘ट्राउट’वरून तो गोड्या पाण्यातला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो आणि रेड ड्रम हे दोघंही आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातले, अस्सल खाऱ्या पाण्यातले मासे आहेत.

५. एकूण खर्च किती येतो?

तीन भाग वेगळे धरा. पहिला, गाडीचं नेहमीचं वार्षिक नोंदणी शुल्क. ते गाडीच्या वजनावर ठरतं आणि विशेष प्लेट घेतली नाही तरी द्यावंच लागतं. दुसरा, नव्या धातूच्या प्लेटचे २८ डॉलर. प्लेट दहा वर्षांसाठी असते, त्यामुळे हे दर वर्षी नाहीत. तिसरा, प्लेटचं वार्षिक वापर शुल्क, बहुतेक प्लेटना १५ ते २५ डॉलर. हाच भाग कामाला जातो. त्यावर किरकोळ प्रक्रिया शुल्क लागतं.

नोंदणी दोन वर्षांसाठी करत असाल तर वापर शुल्कही दोन वर्षांचं एकदम घेतात. २५ डॉलरच्या प्लेटला ५० लागले म्हणून काउंटरवर वाद घालणारे बरेच असतात. तो हिशेब बरोबर असतो.

पहिल्यांदाच फ्लोरिडात गाडी नोंदवणाऱ्यांना २२५ डॉलरचं प्रारंभिक नोंदणी शुल्क दिसतं. ते विशेष प्लेटचं नव्हे. साधी प्लेट घेतली तरी ते लागतंच.

६. घ्यायची कशी? पायऱ्या सांगा.

सर्वांत सोपी वेळ नोंदणी नूतनीकरणाची. व्यक्तीच्या नावावरच्या गाडीची नोंदणी तिच्या वाढदिवसाच्या मध्यरात्री संपते आणि आधीचे ९० दिवस नूतनीकरण करता येतं. त्या काळात गेलात तर प्लेटचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष एकत्र सुरू होतं. अधल्यामधल्या महिन्यातही बदलता येते, पण मग हिशेब दोनदा समजून घ्यावा लागतो.

जाताना चालू नोंदणीचा कागद, ओळखपत्र, फ्लोरिडाच्या विम्याचा पुरावा आणि जुनी प्लेट घ्या. विमा किमान १०,००० डॉलरचा वैयक्तिक इजा संरक्षणाचा आणि १०,००० डॉलरचा मालमत्ता नुकसानीचा असावा लागतो. जुनी प्लेट काढायला पान्हा किंवा स्क्रूड्रायव्हर गाडीत ठेवा. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेनं स्क्रू गंजून बसलेले असतात, म्हणून घरून निघायच्या आधीच ते एकदा सैल करून पाहा. नवे स्क्रू घ्यायचे तर स्टेनलेसचे घ्या.

काउंटरवर प्लेटचं पूर्ण नाव सांगा. ‘ती माशाची’ म्हटलंत तर हातात बास पडण्याची शक्यता बरीच. ज्या प्लेटला मागणी असते ती कार्यालयात तयार मिळते, बाकीच्या मागवाव्या लागतात. मागवलेली हातात येईपर्यंत जुनी काढून टाकू नका. नवी मिळाली की नूतनीकरणाचं स्टिकर उजव्या वरच्या कोपऱ्यात चिकटवायचं.

७. मी एच-१बी व्हिसावर आहे / विद्यार्थी आहे / गाडी लीजवर आहे. मला मिळेल का?

प्लेटसाठी नागरिकत्वाची अट नाही. गाडी फ्लोरिडात नोंदलेली हवी आणि नोंदणी तुमच्या नावावर हवी, एवढंच. लीजवरच्या गाडीलाही विशेष प्लेट मिळते. मात्र लीज कंपनी नोंदणीचे कागद स्वतः हाताळत असेल तर आधी तिला विचारा, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी कंपनी परत साधी प्लेट पाठवते. भाड्यानं घेतलेल्या गाडीला अर्थातच नाही.

८. प्लेट बदलली की नंबरही बदलतो का? मग काय काय बदलावं लागतं?

हो, नंबर बदलतो. तक्रारी सर्वांत जास्त इथेच येतात.

पहिलं काम टोलचं. सनपासचा, म्हणजे इथल्या फास्टॅगचा, ट्रान्सपाँडर काचेला असला तरी कधीकधी तो वाचला जात नाही. मग कॅमेरा प्लेटचा फोटो काढतो आणि तो नंबर तुमच्या खात्यातल्या नंबरशी ताडून पाहतो. खात्यात जुनाच नंबर असेल तर जुळणी होत नाही आणि टोलचं बिल घरी येतं. त्यात दर चढा असतो आणि प्रत्येक बिलामागे प्रशासकीय आकारही असतो. म्हणून कार्यालयाच्या पार्किंगमध्ये उभं असतानाच नवा नंबर खात्यात घाला. जुना नंबर प्लेट जमा केल्यावर काढा, आधी नाही. चार दिवसांपूर्वीचे टोल मागाहून खात्यात उतरू शकतात.

दुसरं, पार्किंग. सोसायटी, ऑफिस, विद्यापीठ, शहराचं पार्किंग ॲप, सगळीकडे गाडी नंबरावरून ओळखतात. विद्यापीठांच्या आवारात परवाना खिडकीला न लावता फक्त नंबरावर देण्याची पद्धत आहे. तिथे जुना नंबर राहिला तर तिसऱ्या दिवशी दंडाची चिठ्ठी.

विमा कंपनीकडे गाडी चासी क्रमांकावर नोंदलेली असते, त्यामुळे विमा तुटत नाही. तरी नवा नंबर कळवून ठेवा. अपघात झाला तर पोलिसांच्या अहवालात तोच येतो.

९. भरलेले पैसे खरंच माशांपर्यंत पोचतात का? हिशेब कोण पाहतं?

काउंटीचं कार्यालय रक्कम गोळा करतं, ती राज्याच्या वाहन खात्याकडे जाते आणि तिथून कायद्यात नाव असलेल्या संस्थेकडे किंवा निधीकडे. संस्थेला दर वर्षी खर्चाचा अहवाल किंवा प्रतिज्ञापन द्यावं लागतं. ते दिलं नाही किंवा पैसा ठरल्याबाहेर वापरला तर खातं पुढचे हप्ते रोखू शकतं. नफ्याच्या धंद्यासाठी हा पैसा वापरता येत नाही. प्रशासन आणि जाहिरातीवर किती खर्च चालेल तेही त्या त्या प्लेटच्या कलमात दिलेलं असतं, म्हणून दोन प्लेटची तुलना करताना तो आकडा आधी शोधा.

मासेमारी परवान्याच्या पैशाशी याची गल्लत करू नका. परवान्याचा पैसा मासे आणि वन्यजीव खात्याबाहेर वळवला तर राज्य केंद्राच्या मदतीला मुकतं. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याखाली गळ, रीळ वगैरे सामानावरच्या केंद्रीय कराचा पैसा राज्यांना मिळतो. पात्र कामाच्या खर्चापैकी ७५ टक्क्यांपर्यंत केंद्र देतं, बाकीचं राज्यानं घालायचं. प्लेटच्या पैशाला असं केंद्राचं कुंपण नाही, त्याचं रक्षण राज्याच्या कायद्यातली ती चार ओळींची तरतूदच करते.

१०. वर्षाला २५ डॉलर. त्यानं असा काय फरक पडतो?

एका गाडीनं काही नाही. ३,००० गाड्या असल्या तर वर्षाला ७५,००० डॉलर होतात. त्यात मोठी मोहीम निघत नाही, पण खारफुटीची रोपं, कालवांच्या शिंपल्यांचे बांध, एखाद्या संशोधकाचा हंगाम निघतो. लगूनसारख्या ठिकाणी या कामांचं मोल कळतं. २०११ च्या प्रचंड शैवाल-फुलोऱ्यानंतर तिथलं समुद्री गवत झपाट्यानं गेलं आणि २०२१ मध्ये राज्यभरात १,१०० हून जास्त मॅनटी, म्हणजे समुद्री गवतावर जगणारे मोठे सस्तन प्राणी, मेले, त्यातले पुष्कळ लगूनमध्ये उपासमारीनं. तेच गवत स्नूक आणि सीट्राउटच्या पिल्लांचं घर आहे.

संशोधनाला पैसा कशाला हवा, हे स्नूकवरून समजतं. अलिबाग-पेणच्या माणसाला स्नूक समजवायला जिताड्याचं नाव पुरतं. दोन्ही खारफुटीच्या मुळांआड दबा धरतात, दोन्ही गोड्या आणि खाऱ्या पाण्यात वावरतात, आणि दोन्ही आधी नर असतात, मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणूनच फ्लोरिडात स्नूक ठेवण्यासाठी किमान आणि कमाल अशी दोन्ही मापं आहेत, गल्फच्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या, बाजूला २८ ते ३३ इंच. त्याहून लहान धरले तर वाढणारे नर जातात. त्याहून मोठे धरले तर अंड्यांनी भरलेल्या माद्या जातात, आणि त्यांची जागा भरायला नवे मासे वर्षानुवर्षं मोठे व्हावे लागतात. ही मापं ठरवायची तर कोणत्या लांबीला लिंगबदल होतो ते मोजावं लागतं. वय माशाच्या कानातल्या हाडावरच्या वलयांवरून मोजतात, झाडाच्या खोडासारखं.

जानेवारी २०१० च्या थंडीच्या लाटेत स्नूक मोठ्या संख्येनं मेले. गल्फच्या बाजूला स्नूक धरून ठेवायला सप्टेंबर २०१३ पर्यंत बंदी राहिली. ती कधी उठवायची हे ठरवायला तीन वर्षं पाण्यात जाळी टाकून मोजणी करावी लागली.

आता दुसरी बाजू. फ्लोरिडाच्या किनारी माशांना सर्वांत मोठा दिलासा कोणत्याही प्लेटनं दिला नाही. तो १९९४ च्या मतदानानं दिला. लोकांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून माशाला गुरफटवणारी जाळी किनारी पाण्यातून हद्दपार केली आणि १ जुलै १९९५ पासून ती अमलात आली. प्लेट हे त्या मानानं पूरक काम. ती लावली म्हणून मतदान आणि नियम यांकडे पाठ फिरवू नये.

११. प्लेट लावली की मासेमारीचा परवाना लागत नाही ना?

लागतो. प्लेट म्हणजे देणगीचा रस्ता, परवाना नव्हे. खाऱ्या पाण्यातला वार्षिक परवाना रहिवाशांना १७ डॉलर, बाहेरच्यांना ४७. बाहेरून पाहुणे आले तर त्यांच्यासाठी तीन दिवसांचा १७ आणि सात दिवसांचा ३० डॉलरचा आहे. रहिवासी फक्त किनाऱ्यावरून गळ टाकत असतील तर त्यांचा किनारा-परवाना फुकट आहे, पण तो काढावा लागतो. ‘फुकट आहे म्हणजे नकोच’ असं धरून धक्क्यावर उभे राहणारे दंड भरतात. स्नूक धरून ठेवायचा तर परवान्यावर १० डॉलरचा स्नूक परमिट वेगळा.

१२. ‘टार्पन टॅग’ मी गाडीला लावला आहे. आता टार्पन ठेवता येईल का?

नाही! टॅम्पा बेच्या प्लेटला ‘टार्पन टॅग’ असं लाडाचं नाव आहे, कारण टॅग म्हणजे प्लेट (प्रश्न २). राज्याच्या वन्यजीव आयोगाचा ‘टार्पन टॅग’ ही पूर्ण निराळी वस्तू आहे. त्याची किंमत सुमारे ५० डॉलर, माणशी वर्षाला एकच, आणि तो फक्त विक्रमासाठी नोंदवायच्या माशाकरिता असतो. एरवी टार्पन धरून सोडायचाच. ४० इंचांहून मोठा टार्पन फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर उचलायचा नाही. एवढ्या वजनाचा मासा आडवा उचलला की त्याच्या आतल्या अवयवांना इजा होते आणि सोडल्यावर तो पोहत गेलेला दिसला तरी जगेलच असं नाही.

१३. कासवाच्या आणि मॅनटीच्या प्लेटचा पैसा माशांनाही मिळतो का?

थेट नाही. समुद्री कासवाच्या प्लेटचा सुमारे ७० टक्के पैसा राज्याच्या कासव संरक्षण कार्यक्रमाला आणि ३० टक्के सी टर्टल कन्झर्व्हन्सीमार्फत अनुदानांना जातो. मॅनटीच्या प्लेटचा पैसा मॅनटीच्या निधीत. मॅनटीला गवत मिळालं तर माशांनाही फायदा होतो, हे खरं, पण तो आडवळणानं.

१४. प्लेटभोवती फ्रेम लावली तर चालेल का?

टाळा. मागच्या बाजूनं १०० फुटांवरून प्लेटवरची अक्षरं, आकडे आणि स्टिकर स्वच्छ दिसायला हवेत. विशेष प्लेटवर खालच्या कडेला मजकूर असतो, आणि गाडी विक्रेत्याची जाड फ्रेम नेमकी तोच झाकते. धुरकट किंवा चमकदार आवरण तर अजिबात नको, त्याचे नियम अलीकडे आणखी कडक झाले आहेत.

१५. करात सूट मिळते का?

प्लेटचं शुल्क राज्य गोळा करतं, त्यामुळे संस्था तुम्हाला देणगीची पावती देत नाही. गाडीच्या किमतीवर आकारलेला कर केंद्रीय विवरणपत्रात वैयक्तिक मालमत्ता कर म्हणून दाखवता येतो, पण फ्लोरिडाचं नोंदणी शुल्क वजनावर असतं, किमतीवर नाही, म्हणून ते तिथे बसत नाही. पावती हवी असेल तर त्याच संस्थेला थेट धनादेश द्या. रक्कमही सगळी त्यांनाच मिळते.

१६. गाडी विकली किंवा राज्य सोडलं तर प्लेटचं काय?

भारतात नंबर गाडीला चिकटलेला असतो. फ्लोरिडात प्लेट मालकाची. गाडी विकताना ती काढून घ्या आणि पुढच्या गाडीवर चढवा. नव्या मालकाच्या हाती तशीच गेली तर त्याचे टोल तुमच्या नावावर येतील.

राज्य सोडताना क्रम चुकवू नका: आधी नव्या राज्यात नोंदणी, मग फ्लोरिडाची प्लेट जमा, आणि त्यानंतर फ्लोरिडाचा विमा बंद. प्लेट चालू ठेवून विमा आधी बंद केलात तर गाडी चालवण्याचा परवाना निलंबित होतो आणि तो परत मिळवायला १५० ते ५०० डॉलर मोजावे लागतात. माशाचं चित्र आवडलं म्हणून प्लेट भिंतीवर टांगून ठेवणाऱ्यांना हा फटका बसतो.

१७. आमच्या संस्थेला नवी प्लेट काढायची आहे. किती अवघड?

बरंच. आधी विधिमंडळाकडून कायद्यात तरतूद हवी. मग छापण्यापूर्वीच २४ महिन्यांत ३,००० व्हाउचर, म्हणजे प्लेटसाठी आगाऊ पैसे भरल्याच्या पावत्या, विकावी लागतात. तेवढी विकली नाहीत तर मंजुरी जाते. व्हाउचर घेतलेल्यांना परतावा मागता येतो किंवा ती रक्कम दुसऱ्या विशेष प्लेटला लावता येते. शिवाय २०२० च्या कायद्यानं एकूण विशेष प्लेटवर १५० ची मर्यादा घातली, त्यामुळे जागा रिकामी होईपर्यंत रांग.

सुरू झाल्यावरही सलग १२ महिने नोंदणी ३,००० च्या खाली राहिली तर प्लेट बंद होते. पूर्वी हा उंबरठा १,००० होता. लहान संस्थांना आमचा सल्ला: नवी प्लेट काढण्यात दोन वर्षं घालवण्यापेक्षा चालू प्लेटच्या अनुदानासाठी अर्ज करा. टॅम्पा बेसारखी छोटी अनुदानं नेमकी त्यासाठीच आहेत.

१८. आम्ही फ्लोरिडात नाही. आमच्याकडे काय?

कॅलिफोर्नियात १९९७ पासून ‘व्हेल टेल’ प्लेट आहे. साधा क्रमांक ५० डॉलर, मनपसंत १०३. पैसा किनारी शिक्षण आणि स्वच्छतेच्या अनुदानांना जातो. मेरीलँड आणि व्हर्जिनियात चेसापीक खाडीच्या प्लेट आहेत. रोड आयलंडमध्ये ग्रेट व्हाइट शार्कची प्लेट २०२२ मध्ये आली, ती शार्क संशोधनासाठी. टेक्सासच्या वन्यजीव प्लेटला वर्षाला ३० डॉलर लागतात आणि त्यातले २२ खात्याला मिळतात. तिथेही प्रश्न ४ चा सावधपणा ठेवा.

१९. प्लेटवर मराठी नाव घालता येईल का?

देवनागरीत नाही. फक्त रोमन अक्षरं आणि आकडे. ‘पापलेट’ला सहा रोमन अक्षरं लागतात, आणि चित्र असलेल्या प्लेटवर अक्षरांना जागा कमी असते, तेव्हा आधी त्या डिझाइनची मर्यादा विचारा. ‘बोय’ मात्र कुठेही मावेल. आणि तो शोभेलही, कारण फ्लोरिडाचा मलेट, आपला बोय आणि गोव्याचा राज्यमासा शेवटा ही एकाच कुटुंबातली भावंडं. स्नूक आणि टार्पनच्या गळाला आमिष म्हणून बहुतेक वेळा तोच लावतात.

२०. महाराष्ट्रात किंवा गोव्यात अशी प्लेट मिळते का? लावली तर?

मिळत नाही, आणि स्वतः चित्र छापून लावली तर दंड होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार उच्च सुरक्षा प्लेटच लावावी लागते. तिच्यावर २० गुणिले २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्रॅम, लेझरनं कोरलेला क्रमांक आणि भारताची निळी ‘IND’ अक्षरं असतात. चित्राला जागाच नाही. पसंतीच्या क्रमांकासाठी लोक आरटीओत लाखांत पैसे भरतात, पण तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो, माशांसाठी वेगळा ठेवलेला नसतो.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केलं, पण त्यासाठी प्लेटसारखा निधीचा मार्ग नाही. इथे उपयोगी पडणारी योजना वेगळी आहे. जाळ्यात बहिरी मासा, म्हणजे व्हेल शार्क, कासव किंवा डॉल्फिन यांसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना २०१८ पासून आहे. अर्ज अडतो तो पुराव्यावरून: सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, आणि त्यांत कापलेलं जाळं आणि पोहत जाणारा जीव दोन्ही दिसायला हवेत. नुसत्या फाटक्या जाळ्याचा बंदरावर काढलेला फोटो पुरत नाही. म्हणून बोटीवर एक मोबाइल पाणी न लागणाऱ्या पिशवीत, चार्ज करून ठेवा, आणि जाळं कापायच्या आधीच कोणी शूटिंग करायचं ते ठरवून घ्या.